डॉल्बीचे पैसे वाचलेत, पडलेल्या घरांना किट द्यायचं की रोख?

खानापूरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल खरं सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, मातीच्या भिंती, वर कौलं, जुलैत आठवडाभर उघडीप मिळाली नाही की कुणाची ना कुणाची भिंत बसतेच. यंदा तीन घरांना दणका बसला. गणपती मंडळानं यंदा डॉल्बी रद्द केली (त्यावरनं झालेली भांडणं हा वेगळा धागा होईल) आणि गोव्यात, पुण्यात कामाला असलेल्या पोरांनी वरनं टाकले, सगळे मिळून १ लाख ४० हजार आहेत.

घरं अशी. एक वहिनी आहेत, नवरा वारलेला, मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावी), मुलगा हायस्कूलला. त्यांचं घर पूर्ण पडलं, सध्या भावकीतल्या एकांच्या पडवीत राहतात. दुसरं म्हातारा-म्हातारी, मागची भिंत गेली, मुलगा मुंबईला आहे खरं फोनसुद्धा उचलत नाही. तिसऱ्या घरातला दादा गोव्यात गवंड्याच्या हाताखाली होता, मागच्या हिवाळ्यात परांचीवरनं पडला, कंबर गेली, तेव्हापासनं अंथरुणावर. बायको काजूच्या कारखान्यात जाते आणि तिच्यावर फायनान्सवाल्यांचे तीन हप्ते आहेत, आठवड्याला येऊन दारात बसतात. त्यात आता घर पडलं.

मीटिंगमध्ये जुनी माणसं म्हणाली तांदूळ, डाळ, तेल, ब्लँकेट असं किट करूया, बेळगावच्या रविवार पेठेतनं होलसेल आणूया, देताना फोटो काढून पेपरला देऊया. आम्ही पोरं म्हणतोय रोख द्या. एक काका म्हणाले रोख दिलं तर त्या दादाचा भाऊ दारूत घालवणार. सगळं तिथंच अडलंय. तर विचारायचं हे की अशा मदतीनं खरंच कुणाचं काही बदलतं का, का आपलंच समाधान? २०१९ च्या पुरात ज्यांनी वाटलंय किंवा घेतलंय त्यांनी सांगा.

कुंदा_खाऊ:
किट द्या आणि मोकळे व्हा. रोख पैशाचा हिशोब मंडळात भांडणं लावतो, अनुभव आहे.

वेदगंगा_काठ:
मी निपाणी भागातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळूर वाहतूक बंद, आणि पाणी उतरल्यावर जे मदतीचे ट्रक सुरू झाले ते विचारू नका. आमच्या बायकांच्या ग्रुपनं शाळेत आलेलं सामान निवडायचं काम घेतलं होतं. काय काय आलं सांगते. जुने कपडे ढिगानं, त्यात जरीच्या साड्या आणि लग्नातले कोट. बिस्किटं इतकी की पोरं नको म्हणायला लागली. हायवेच्या कडेच्या घरात चार-चार ठिकाणचं तांदळाचं पोतं आणि आत दोन-तीन किलोमीटरवरच्या वाडीत काहीच नाही, कारण ट्रकवाल्याला चिखलात जायचं नव्हतं. आणि तांदूळ आहे खरं शिजवायचं कशात? गॅस वाहून गेला, चूल ओली, जळण ओलं. पहिल्या चार-पाच दिवसांत शिजलेलं जेवण लागतं, ते काळजी केंद्रात (सरकारी निवारा) मिळत होतं. त्याच्यानंतर प्रत्येक घराची गरज वेगळी होते आणि तिथंच किट फसतं.

कुणी आणलं नाही आणि सगळ्यात जास्त लागत होतं ते म्हणजे वैरण. हे शहरातल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. ऊस, गवत सगळं पाण्यात कुजलं, जनावरं वाचवून रस्त्यावर आणून बांधली आणि घालायला काडी नाही. त्या आठवड्यात लोकांनी दुभत्या म्हशी निम्म्या किमतीला दिल्या. व्यापारी टेम्पो घेऊन फिरतच होते, त्यांना बरोबर कळतं. म्हैस गेली म्हणजे डेअरीचं दहा दिवसाचं बिल गेलं, त्या बिलावर किराणा उधार मिळायचा तोही गेला. परत म्हैस घ्यायला कर्ज. पुरानं जेवढं नेलं नाही तेवढं त्या एका विक्रीनं नेलं अशी घरं मी दाखवू शकते. ज्यांच्या दारात एका डेअरीच्या पोरांनी टेम्पोभर वैरण टाकली त्यांची जनावरं राहिली, आणि ती घरं दिवाळीपर्यंत सावरली सुद्धा. तांदळापेक्षा स्वस्त मदत होती ती.

म्हणून माझं मत, आधी प्रत्येक घरात जाऊन नुसतं विचारा की या महिन्यात काय विकायची वेळ आली आहे. दागिना, जनावर, पोरीची शाळा, जे काय असेल ते. ते थांबवा.

आणि फोटो अजिबात नको. आमच्याकडं एका मुलीचा किट घेतानाचा फोटो पेपरात आला, वर्गात पोरांनी इतकं चिडवलं की तिनं मामाच्या गावाला शाळा बदलून घेतली.

पिग्मी_एजंट:
वरच्या ताईंशी सहमत. मी रोज दारोदार पिग्मी गोळा करतो, कुणाचं कसं चाललंय हे पासबुकात दिसतं, वीस-पन्नास रुपये रोज टाकणारं घर अचानक थांबलं की समजायचं काहीतरी झालंय.

त्या तिसऱ्या घराबद्दल बोलतो. मंडळाचे पैसे हप्त्यात घालू नका, निदान लगेच नको. तीन कर्जं आहेत म्हणजे एक फेडायला दुसरं घेतलेलं असणार, आपल्या भागात हेच चाललंय. आधी तिन्ही पासबुकं, कार्डं समोर घेऊन बसा आणि कर्ज किती, फेडलं किती, व्याज किती हे वहीत लिहा. आरबीआयचा २०२२ पासनंचा नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. नवरा अंथरुणावर असलेल्या घरात तो हिशोब कधीच बसत नाही, म्हणून हप्ते लांबवून मागायचे, लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. आणि दारात येऊन बसणं, शिव्या देणं, भांडीकुंडी उचलणं याला कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम आला, मायक्रो फायनान्सच्या जबरदस्तीविरुद्ध, १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५ लाखांपर्यंत दंड. हे त्या वसुलीच्या पोराला माहीत असतं, फक्त तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळायला हवं. मंडळाची चार पोरं हप्त्याच्या दिवशी नुसती कट्ट्यावर बसली तरी भाषा बदलते. भांडायचं नाही हां, तो पण आपल्यासारखाच कुणाचा तरी पोरगा, टार्गेट आहे त्याला.

दुसरं, तो दादा कामावर पडला ना? मग ठेकेदाराकडनं भरपाई मागितली का? कामगार भरपाईचा कायदा आहे (आधी १९२३ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासनं तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय), कामावर असताना अपघात झाला तर मालक देणं लागतो. अपघात गोव्यात झाला म्हणून गोव्याला खेटे घालायची गरज नाही, कामगार जिथं राहतो तिथल्या अधिकाऱ्याकडं पण दावा करता येतो. मुदत अपघातापासनं दोन वर्षं. मागच्या हिवाळ्यातलं आहे म्हणजे अजून वेळ आहे, खरं घालवू नका. बरोबरच्या एक-दोन मजुरांचा जबाब, दवाखान्याचे कागद, ठेकेदारानं फोनवर पैसे पाठवले असतील तर त्याचे मेसेज, सगळं जपून ठेवायला सांगा. वकिलाची फी मंडळानं भरली तर तुमच्या १ लाख ४० हजारातले थोडेच जातील आणि मिळालं तर त्या घराचं कितीतरी मिटेल.

खानापूरचा_पोरगा:
बापरे, भरपाईचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ठेकेदारानं तेव्हा दवाखान्याचं थोडं बिल भरलं आणि वर "माझ्याकडनं एवढंच" म्हणाला, वहिनीला वाटलं उपकारच केले.

खरं मूळ प्रश्न राहिलाच, रोख दिलं तर दारूत जातं हे आमच्या काकांचं म्हणणं कसं खोडायचं?

आर्ट्स_कॉमर्स_नापास:
खोडायला मी आहे. नाव नापास असलं तरी धारवाडला एमए इकॉनॉमिक्स केलंय.

हा प्रश्न जगभर तपासून झालाय. केनियात एका संस्थेनं खेड्यातल्या गरीब घरांना कुठलीही अट न घालता मोबाईलवर पैसे पाठवले, २०१६ मध्ये त्याचा मोठा अभ्यास छापून आला. लोकांनी पत्रे घातले, जनावरं घेतली, जेवण सुधारलं, दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. लांब कशाला जायचं, मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यात २०११ पासनं सेवा या बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं काही गावांत प्रत्येक माणसाला महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये दिले, पोरांना त्याच्या निम्मे. तिथंही तेच, लोकांनी सावकाराचं कर्ज कमी केलं, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, शाळेवर खर्च केला. दारू पिणारा मदत नसताना पण पितो, काका कुणाकडं बघून बोलतात ते कळतं खरं एका माणसासाठी तीन घरांना शिक्षा कशाला.

खरं नुसती एकदाच रोख देऊन सगळं बदलतं असंही नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं २००२ पासनं दुसरी पद्धत काढली. अगदी तळातल्या घराला एक कमाईची वस्तू द्यायची, गाय, शेळ्या किंवा छोट्या धंद्याचा माल. त्या वस्तूतनं पैसा यायला वेळ लागतो म्हणून मधल्या महिन्यांत खाण्यापुरते पैसे द्यायचे, म्हणजे शेळी विकून खायची वेळ येत नाही. आणि दर आठवड्याला एक माणूस घरी येऊन जाणार, हिशोब बघणार, बचत करायला लावणार. हीच पद्धत सहा देशांत तपासली, त्यात आपला पश्चिम बंगाल पण होता, २०१५ मध्ये निकाल आले. मदत थांबून वर्ष झाल्यावरही ती घरं वर होती, आणि बंगालात तर दहा वर्षांनी बघितलं तरी फरक टिकून होता. अभ्यास करणाऱ्यांत बॅनर्जी आणि डफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

माझं वाचन असं सांगतं की वस्तू, मधल्या काळाचा खर्च आणि येऊन विचारणारा माणूस हे तिन्ही एकत्र लागतं. मंडळाकडं तिसरी गोष्ट फुकट आहे, तुम्ही त्याच गल्लीत राहता.

कुंदा_खाऊ:
केनियात डॉल्बी नसते म्हणून बरं. चालू द्या.

नाव_नको_प्लीज:
मी सहसा लिहीत नाही. आमचं घर २०१९ ला पडलं, घेणाऱ्या बाजूचा मी आहे म्हणून लिहितोय.

तेव्हा सरकारनं तातडीचे म्हणून घरटी १० हजार दिले आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. ऐकायला भारी वाटतं. आमच्या घराचा पंचायतीचा उतारा आज्जाच्या नावावर, आज्जा जाऊन वीस वर्षं, वारसा कुणी केलेला नाही, तीन चुलते. सर्व्हेला आलेल्या माणसानं बाहेरनं बघितलं, पुढची भिंत उभी होती, त्यानं सी वर्गात टाकलं म्हणजे ५० हजार. आत छप्पर खाली आलं होतं ते त्याला बघायला वेळ नव्हता. वडील कन्नड बोलतात बऱ्यापैकी खरं वाचता येत नाही, अर्ज सगळे कन्नडमध्ये. ते दोनदा जाऊन "साहेब नाहीत" ऐकून आले आणि सोडून दिलं. घरात तेव्हा मदत भरपूर येत होती बघा, तांदूळ, चादरी, एक संस्था तर टूथपेस्टचं खोकं ठेवून गेली. आणि ५ लाखाची फाईल तशीच पडून.

मग गावातले एक रिटायर झालेले तलाठी होते, त्यांनी वडिलांना घेऊन नाडकचेरीतनं (तालुक्याच्या खालचं महसूल ऑफिस) वंशावळ काढली, चुलत्यांना समोर बसवून संमतीच्या सह्या घेतल्या, आतले फोटो लावून फेरसर्व्हेचा अर्ज टाकला. पुन्हा सर्व्हे झाला आणि वर्ग बदलला. त्या माणसानं आम्हाला एक रुपया दिलेला नाही, उलट चहा पण स्वतः पाजायचे.

आणि अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. ते ५ लाख एकदम येत नाहीत. पायाला एक हप्ता, मग तेवढं काम झाल्याचा फोटो अपलोड झाला की पुढचा, असं. म्हणजे खर्च आधी तुम्ही करायचा आणि पैसे मागनं येणार. ज्यांच्याकडं मधे घालायला काहीच नव्हतं त्यांचे पाये भरून तसेच पडले, झुडपं आली त्यात, किंवा त्यांनी खाजगी व्याजानं काढले आणि सरकारचा पुढचा हप्ता आला तो थेट सावकाराकडं गेला. आम्हाला आत्याच्या घरच्यांनी ४० हजार बिनव्याजी दिले होते, तेवढ्यावर लिंटेलपर्यंत गेलो, पुढचा हप्ता आला, त्यांचे परत केले. आज मी त्याच घरात बसून हे टाईप करतोय, बहीण नर्सिंग करून बेंगळूरला आहे. तेव्हा ती बारावी सोडून काजूला जायची तयारी करत होती.

तुमचे १ लाख ४० हजार तिघांत समान वाटून टाकू नका एवढीच विनंती. फिरते ठेवा.

वेदगंगा_काठ:
हे फिरतं ठेवायचं फार आवडलं मला. खरं वहिनींना परत करायचं टेन्शन देऊ नका, सरकारचा हप्ता आला तर परत, नाही आला तर मंडळानं विसरायचं, हे आधीच ठरवून सांगा.

ग्राम_वन_वाली:
मी ग्राम वन सेंटरवर (सरकारी अर्ज भरायचं केंद्र) बसते, रोज हेच बघते, म्हणून पटपट सांगते, उद्या सकाळी तिन्ही घरांची आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक घेऊन जवळच्या सेंटरला जा.

पहिलं गृहलक्ष्मी, कर्नाटक सरकारची बायकांसाठीची योजना. ऑगस्ट २०२३ पासनं महिन्याला २,००० आहेत, उशिरा येतात खरं येतात. पैसे रेशनकार्डावर जी बाई कुटुंबप्रमुख आहे तिलाच. वहिनींच्या कार्डावर अजून सासूचं नाव वर असेल, किंवा आधार बँकेला जोडलेलं नसेल, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि पासबुकावर दुसरं, तर पैसे अडकलेले असतात आणि त्यांना वाटतं आपल्याला मंजूरच नाही. नवरा वारलेल्या बायकांचं हे फार होतं, कार्डावर नवऱ्याचं नाव तसंच असतं. विधवा पेन्शन चालू आहे का ते पण बघा, ८०० आहे. म्हाताऱ्यांना ६५ वर्षं झाली असतील तर संध्या सुरक्षा पेन्शन १,२००. मुलगा मुंबईला आहे म्हणून अर्ज केला नसेल तर मुलगा बघत नाही हे तलाठ्याला स्पष्ट सांगा, लाजू नका म्हणावं.

त्या दादासाठी बीपीएल कार्ड असेल तर आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार होतात, खरं आधी सरकारी दवाखान्याचं रेफर लेटर घ्यायचं, थेट खाजगीत गेलात की बिल अंगावर. दवाखान्यात न्यायला आणायला बरोबर बाई असेल तर तिला बस फुकट आहेच.

घराचं म्हणाल तर केंद्राच्या नियमात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार बसतात, ते तरी सोडू नका. पंचनामा झालाय का? झाला असेल तर त्याची कॉपी मागा. झाला नसेल तर ढिगारा हलवायच्या आधी आतनं-बाहेरनं फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. हे फोटो काढा, किट देतानाचे नकोत.

सीमाभाग_८६५:
महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली होती, गाव यादीत असेल तर त्या दादासाठी ते पण विचारून बघा. इथल्या सरकारनं आक्षेप घेतला होता तेव्हा, आपल्याला कोण...

पिग्मी_एजंट:
अहो साहेब, तो विषय सुरू झाला की धागा तीनशे प्रतिसादांवर जातो आणि दादाची कंबर तशीच. योजनेची माहिती दिलीत त्याबद्दल आभार, बाकीचं दुसरीकडं.

खानापूरचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. काल परत मीटिंग झाली, तुमचे प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवले. नाव_नको यांचं वाचलं तेव्हा किटवाले काका पण गप्प झाले, त्यांच्या स्वतःच्या घराचा वारसा झालेला नाही असं नंतर कळलं.

ठरलं ते असं. ६० हजार वहिनींच्या घरासाठी फिरते, सरकारचे आले तर परत नाहीतर नाही. वहिनींना विचारलं काय विकायची वेळ आली आहे तर म्हणाल्या पोरीचं हॉस्टेल सोडवणार होते, तर ते वर्षाचं मंडळ भरणार, ते वेगळं. दादाच्या दाव्यासाठी खानापूर कोर्टातले एक वकील तयार झालेत, कागद गोळा करतोय, गोव्यातल्या दोन मजुरांपैकी एक जबाब द्यायला हो म्हणाला, दुसरा ठेकेदाराला घाबरतोय. तीन कर्जांचा हिशोब मी आणि माझी बहीण मिळून लिहिला, पिग्मी दादा म्हणाले तसंच निघालं, तिसरं कर्ज पहिल्याचे हप्ते भरायला घेतलेलं. म्हाताऱ्यांची भिंत पोरं रविवारी श्रमदानानं बांधणार, चिरे एका घरी पडून होते ते मिळाले, फक्त सिमेंट आणि पत्रे घ्यायचे.

फोटोवरनं अजून कुरबूर आहे. वर्गणी देणारे म्हणतात आम्हाला दाखवा पैसे कुठं गेले. त्यावर काय करायचं?

ग्राम_वन_वाली:
बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. सिमेंटचं बिल, हॉस्टेलची पावती, वकिलाची पावती. माणसांचे नको. आणि वहिनींच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते आधी बघा, नवऱ्याचं असेल तर डेथ सर्टिफिकेट आणि वंशावळ लागेल, वंशावळीचा अर्ज माझ्यासारख्या कुठल्याही सेंटरवरनं नाडकचेरीला जातो. सासऱ्यांचं नाव असेल तर दीर-नणंदांच्या सह्या लागणार, त्या गणपतीला सगळे गावी येतात तेव्हाच घेऊन टाका, नंतर एकेकाला गाठत बसाल.

खानापूरचा_पोरगा:
सासऱ्यांचंच आहे. दोन दीर, एक नणंद, तिघंही चतुर्थीला येणार आहेत. फॉर्म आत्ताच काढून ठेवतो.